वितळलेला कोपरा
मंगळवार संध्याकाळ, विकास नगर

नव्या ग्राफिक्स कार्डाची खरी किंमत: कॉम्प्युटरच्या दुकानाची दिवाळीची कमाई, बायकोचा, सुनंदाचा अबोला आणि आजपासून माझी झोप. लखनौत पहिलं कार्ड माझ्याकडे आलं म्हणून मिरवत होतो. नुसत्या आवाजावरून मशीनचा आजार ओळखतो, हेही गिऱ्हाइकांना ऐकवत होतो.

आज घरच्या मशीनमधून कार्डाचा प्लग काढला, तर एक कोपरा वितळून तपकिरी झालेला. केबल कॅबिनेटच्या काचेतून सुबक दिसावी म्हणून मी ती प्लगपाशीच वाकवली होती; त्यानेच जोड ढिला होऊन तापला. माझ्या पुतणीच्या, रुचीच्या मशीनमध्येही हेच कार्ड, केबलही मीच तशी वाकवलेली. गोमती नगरला एकटी राहते पोरगी. अ‍ॅनिमेशनचं काम मशीनवर लावून शेजारीच झोपते. खिडकीचा पडदा टेबलाला टेकलेला. फोन उचलेना. तो तपकिरी कोपरा डोळ्यांपुढून हलेना. स्कूटरची किल्ली घेतली, तेवढ्यात तिचाच फोन.

“रुची, आधी मशीन बंद कर.”

“काका, वो तो मैंने इतवार को ही बंद कर दिया. जलने की बू आ रही थी.”

“मग सांगितलं का नाहीस, बाई?”

“आप इतने खुश थे. सोचा, बुरा लगेगा.”

तिला वास आलाच नसता तर? कोपरा पुन्हा पाहिला, मग प्लग फडक्यात गुंडाळून ठेवला.

शनिवारी मी तिच्या त्याच टेबलापाशी चहा पीत बसलो होतो. मशीन चालू होतं. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.