सामाईक भिंत

औरंगाबाद

प्रिय रामकिसन,

नीट जेवतोस का? तुझी चतुराबाई सांगत होती, डोक्याचे टाके सुकले पण उजव्या कानानं तुला अजून कमी ऐकू येतं. म्हणून बोलायचं ते लिहूनच पाठवते. हर्सूलच्या जेलात पत्र आधी तिथले साहेब वाचतात म्हणे. वाचू देत. मी काही चोरून लिहीत नाय.

घर आहे तसंच आहे. पुढचा भाग तू पाडलेला, मागं स्वयंपाकघर तेवढं उभं, त्यात मी. पोलिसांनी भिंतीला दोरी बांधली ती अजून सोडली नाय. तू आणून टाकलेलं सिमेंट पावसात भिजून दगड झालं. गल्लीतले लोक म्हणतात, म्हातारीला जुन्या घराचा लळा. कसला लळा डोंबलाचा. माळवदाची माती ताटात पडायची, भिंतीतून विंचू निघायचे, गुडघे धरून परसात जावं लागायचं. तू नव्या बिल्डिंगचा नकाशा दाखवलास आणि माझ्या खोलीला आतच संडास आहे म्हणालास, तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली होती. पडकं म्हणून सगळंच जपा, असं म्हणणाऱ्यातली मी नाय.

शेजारचा दाऊदभाई तरी कुठं आडवा आला होता? आपली तुळई भिंतीत इकडून खोवलेली, त्यांची तिकडून. एवढंच म्हणाला की, रामकिसन, तुझे खांब अलीकडं उभे कर, भिंतीला हात लावू नको, माझं छत तिच्यावर आहे. तुझ्या इंजिनियरनंही तेच सांगितलं. पण भिंत दोन हात जाड, तेवढं तुझं दुकान कमी भरणार. त्या मातीच्या ढिगापायी माझं वाटोळं करता का, म्हणत तू भर गल्लीत त्याची गचांडी धरलीस आणि त्याच भिंतीवर त्याचं तोंड आपटलंस. तो दात हातात घेऊन घरात गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जाहेदानं भिंतीतल्या दिवळीतून आपल्याकडं नेहमीसारखी वाटी सरकवली. तेव्हाच मला तुझी भीती वाटायला हवी होती, पण तिचा चांगुलपणा बघून मला वाटलं, भांडण मिटलं.

त्या दिवळीचं तुला कधी पुरतं सांगितलं का आईनं? तू नंतरचा. मी चार वर्षांची होते. रझाकार गल्लोगल्ली फिरत होते तेव्हा आपल्या बाबांनी इकडून आणि दाऊदभाईच्या अब्बांनी तिकडून दिवळी फोडून आरपार केली. माप माझ्या खांद्यांचं घेतलं होतं. दार वाजलं की मला तिकडं ढकलायचं. एकदा ढकललं तेव्हा माझी कातडी सोलून निघाली, आणि इकडं बाबांना त्यांनी इतकं मारलं की त्यांचा डावा डोळा गेला. मग पोलीस ॲक्शन झाली, मिलिटरी आली, आणि मारणारे बदलले. त्याच भोकातून दाऊद आपल्याकडं आला. त्याच्या अब्बांना दारातून ओढून नेलं, ते परत आले नाहीत. तो माझ्या गोधडीत अंग चोरून पडून राहायचा आणि आई बाहेर सांगायची, माझा पोरगा आहे, तापानं फणफणलाय. नंतर दिवळी बुजवायची कुणाला आठवणच झाली नाय. तिच्यातून वाट्या जायला लागल्या. वाटी रिकामी परत करायची नाय, एवढा एकच कायदा.

आता त्या शुक्रवारचं. चतुराबाई फुलंब्रीला माहेरी गेली होती, घरात आपण दोघंच. पाडायचं मशीन अंगणात उभं होतं. तू जेवायला बसलास, तेवढ्यात जाहेदाचा बांगड्यांचा हात दिवळीतून आला. भाई, खट्टी दाल है, चखके बोलो. तू उठून तिच्या हातातून वाटी घेतलीस, भुरका मारलास आणि म्हणालास, नमक कम है, जाहेदाभाभी. ती तिकडं हसली. अजान झाली, गल्लीतले बापे मशिदीकडं गेले, दाऊदभाईही गेला. तू हात धुतलेस. मला म्हणालास, आक्का, बाहेर ये, धूळ उडंल. हाताला धरून मला अंगणात आणलंस, बाजेवर बसवलंस. मग मशीनवाल्याला हात केलास.

भिंत वरून तिकडं कलंडली. त्यांचं अख्खं छत एका दणक्यात खाली आलं. धुरळ्यात मी स्वयंपाकघरात पळाले. दिवळीपुरती भिंत उभी होती आणि दिवळीतून तिचा हात आला होता, कोपरापर्यंत. बांगड्या फुटून मनगटात घुसलेल्या. मी ओढलं रे. दोन्ही पाय भिंतीला लावून ओढलं. तिनं माझी बोटं अशी आवळली की नखं रुतली. पण ते भोक पोरासाठी पाडलेलं, बाईमाणूस त्यातून कसं येणार? तिची पकड ढिली झाली तेव्हा मला कळलं, आणि तरी मी ओढतच होते.

पुढचं तुलाही आठवत असंल. दाऊदभाई टोपी घालूनच धावत आला, त्यानं वीट उचलून तुझं डोकं फोडलं, आणि तू त्याला पहारीनं हाणलंस. हाड तुटल्याचा आवाज मी ऐकला. मग दोन्हीकडची पोरं, दगड, लाठ्या, रॉकेलचे बोळे. घाटीच्या दवाखान्यात त्याच्या हातात सळई घातलीय. लेकीकडं राहतो. घर कुठंय त्याला?

तुझा वकील एक दिवसाआड येतो. मला पाठ करून घेतो की शुक्रवारची नमाज होती, घर रिकामं असंल असं रामकिसनला वाटलं. चतुराबाई म्हणते, आक्का, एवढं बोला, म्हणजे ते सुटतात, बिल्डिंग उभी राहते, तुमची खोली तुम्हाला. आणि नाय बोललात तर या घरात तुमचं काय काम? खरंय तिचं. नवरा गेल्यापासून तुझ्याच अन्नावर आहे मी. पण रामकिसन, शुक्रवारी मशिदीत बापे जातात, आपल्या गल्लीतल्या बायका घरीच असतात, हे तुला जन्मापासून माहीत आहे. तिला मारायचं तुझ्या मनात नव्हतं, तेही मी कोर्टात सांगणार. ती आत आहे हे तुला माहीत होतं, आणि मला हाताला धरून बाहेर काढताना तू तिला साधी हाक मारली नाहीस, हेही सांगणार. सोमवारी माझी साक्ष आहे. कोर्टात एकदम ऐकून तुझा जीव घाबरा होऊ नये, म्हणून आधी लिहिलं. माझं लहानगं भावंड आहेस तू, कडेवर वाढवलंय तुला. तुझ्याकडं बघूनच बोलीन. मागून दाऊदभाईकडं जाऊन जाहेदाची वाटी देऊन येणार आहे. तू खाऊन ठेवलेली, ती अजून ओट्यावर तशीच आहे. तीत काय घालून न्यावं, हे काही केल्या मला सुचत नाय.

तुझीच,
द्वारकाआक्का