विरजणाची ऊब

मंगळवार, दिवेलागण

आज मी फार खुशीत आहे. ह्यांच्या प्राणवायूच्या मशीनला नवा डबा आला. वायरीतला तो काळा डबा, ज्यातून मशीनला वीज जाते. सकाळी सूनबाईने मोबाइलवर वाचलं, "आई, कंपनीने हे सगळे डबे परत मागवलेत. तापून पेट घेतात म्हणे."

हे म्हणाले, "नशीब, डबाच परत मागवला. मला नाही."

दुपारी कंपनीचा माणूस आला, तर डबा हातात घेऊन बघतच राहिला. वरचं प्लास्टिक मऊ होऊन त्यावर गोल वळ उठला होता. "आजी, यावर काय ठेवायचात?"

काय सांगू? डबा ह्यांच्या उशाच्या स्टुलावर असायचा, आणि थंडीभर मी त्यावर विरजणाचं पातेलं ठेवत होते. दही काय घट्ट लागायचं! शेजारी वाटीवाटीने दिलं. आणि त्या गोल वळापासून ह्यांची उशी वीतभर.

नवा डबा त्याने खिडकीत ठेवला. गारच राहतो. ह्यांचा श्वासही छान चाललाय, देवाची कृपा.

विरजण आज ओट्यावर. पण आत्ता सहज उशाच्या स्टुलावर हात टेकला, तर जुन्या डब्याची जागा अजून कोमट. माणूस तर दुपारीच गेला ना डबा घेऊन?

 ह्यांची खाट लगेच सुनेकडून दुसऱ्या भिंतीला लावून घेतली.