म्हशीची शेवटची फेरी

दि. ३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बसा. तुम्ही जिला म्हैस म्हणायचात, ते आपलं लष्करी मालवाहू विमान निवृत्त होतंय. वीस तारखेला तिला तुमच्याच तळावरून संग्रहालयात पोहोचवायचं आहे आणि चालवणार आहे मी. कळल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

एक जागा रिकामी आहे. साहेब म्हणाले, बाबांना घे. पंधरापर्यंत नाव द्यायचंय. बत्तीस वर्षं तिची इंजिनं दुरुस्त केलीत, पण एकदाही तिच्यातून उडाला नाहीत. आता नाही तर कधीच नाही.

तुमची लाडकी,
चिमणी

दि. ७ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने मला तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं, जसा काही मी बहिराच. ऊर भरून आला. पण मी येणार नाही. आमच्या हँगरचा नेम तुला ठाऊक आहे: ज्याने विमान तपासून सही केली, त्याने ते परत येईपर्यंत खाली थांबायचं. पुरात धान्य टाकायला गेली, तेव्हा मी अकरा तास उभा होतो. अजूनही ती उडाली की कुंपणापाशी जातो. म्हातारपणी नेम मोडू?

डावीकडचं दुसरं इंजिन कुरकुरतं, त्याला सावकाश तापव.

बाबा

दि. ११ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परत येईपर्यंत थांबायचं म्हणता, पण या वेळी ती परतणारच नाही. किती दिवस उभे राहणार? हट्टीपणात मी तुमच्यावरच गेलेय, म्हणून तुमचं नाव देऊन टाकलंय. रागवायचं असेल तर वर गेल्यावर रागवा. खरं सांगू, तुम्ही पाठीशी बसलेले मला हवे आहात.

चिमणी

दि. २४ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप घरी पोहोचलो. कानात अजून इंजिनं घुमताहेत. ढगांवर ऊन असतं हे ठाऊक होतं, पण पाहिल्यावर रडू आलं. तू चाकं अलगद टेकवलीस तेव्हा मागे टाळ्या पिटणारा वेडा मीच होतो.

एक चूक झाली. उतरल्यावर घरी कळवायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. जन्मभर खाली वाट पाहणारा मीच ना. संध्याकाळी फोन केला तर कोणी उचलेना. शेवटी तळाच्या फाटकावर लावला, तेव्हा पहारेकऱ्याने आईला कुंपणापासून बोलावून आणलं. ती सकाळपासून तिथेच उभी होती. मी म्हटलं, अगं, विमान परत येणार नव्हतं. ती म्हणाली, मी विमानासाठी उभी नव्हते, आत तुम्ही दोघं होतात.

आम्हा दोघांवरचा लोभ असाच राहू दे, आणि उतरलीस की आधी तिला कळव.

बाबा