दादापेक्षा परका बरा

मी मेथी निवडत होते, गॅसवर वरण होतं, तेवढ्यात अबोलीचा फोन आला. शंतनू घराबद्दल विचारत होता, एवढंच मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "आई, दादाला जाण्यापेक्षा घर परक्याला गेलेलं बरं." वरण खाली लागलं.

मी, मालिनी प्रल्हाद खानोलकर, वय त्र्याहत्तर, राहणार पिस्कॅटवे, न्यू जर्सी, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहिते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. दिवाळीच्या किल्ल्याचं सामान नात निधीला. माझे पती कै. प्रल्हाद दर दिवाळीत गॅरेजमध्ये दोन्ही मुलांना घेऊन, तुर्कांनी १४५३ साली जिंकलेल्या कॉन्स्टँटिनोपल शहराचा तट बांधत, वर हळीव पेरत. शेजारचे गिरीश चिडवत, "पडलेला किल्ला कसला करता? रायगड करा की." हे म्हणत, "का पडला, ते पोरांना कळू दे."

२. पुस्तकं गावच्या लायब्ररीला. मी अकरावी शिकलेली. हे गेल्यावर त्यांच्या खुणांची पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली. त्या कॉन्स्टँटिनोपलमध्ये शेवटी माणसं इतकी कमी उरली होती की तटाच्या आत शेतं पिकत. शत्रू दाराशी येत होता आणि आतले ख्रिस्ती लोक पोपला मानून त्याची मदत घ्यायची की नाही, यावरून आपसात भांडत होते. पोपच्या टोपीपेक्षा तुर्काची पगडी बरी, असं कुणी म्हटल्याचं सांगतात. फोन झाला त्या दुपारी मी नेमकं हेच वाचलं. पुढे वाचवेना.

३. गिरीश साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना काही ठेवता येत नाही. तशी इच्छाही नाही.

४. घर. अबोलीचं डॅलसहून विमान उतरायच्या आत शंतनूने वडिलांच्या अस्थी नदीत सोडल्या. भटजींना वेळ नव्हता म्हणे. तेव्हापासून भाऊ-बहीण एकमेकांचा फोन उचलत नाहीत. घर दोघांच्या नावावर करायचं माझ्या मनात होतं. वकील दीपा म्हणाली, "काकू, मग प्रत्येक कागदावर दोघांची सही लागेल." माझ्यामागे दोघं कोर्टात उभे राहतील, ही धास्ती जात नाही. म्हणून घर कुणालाच नाही. माझ्यामागे जे उरेल ते दोघांना निम्मं-निम्मं. मी भाड्याच्या खोलीत राहीन. भीती वाटते, पण राहीन.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणात विक्रीची पाटी लावली.

सही: मालिनी प्र. खानोलकर
आमच्यासमोर सही केली: दीपा रेगे, गिरीश वाकणकर
पिस्कॅटवे, ३ फेब्रुवारी २०२५