सभेतली अजगरीण

विश्रांतवाडी, पुणे
१२ जानेवारी

तीर्थरूप आई,

पायांवर डोकं ठेवून लिहितो. फोनवरही मी भाषणच देतो असं तू म्हणतेस, म्हणून हे पत्र. माझी तब्येत चांगली आहे, मला काहीही चावलेलं नाही.

माझ्या खोलीवरचा साईनाथ रीतसर नोंदणी करून परदेशी, बिनविषारी अजगर पाळतो. त्यातल्या एका मादीची यंदा पिल्लं घ्यायची म्हणून तीन वर्षं तो तिला जपत होता. माणसाची सवय राहावी म्हणून तिला रोज दहा मिनिटं हातात घ्यायचं, पण खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, एवढाच त्याचा नियम.

मी तिला सभांना नेलं, खाल्लेल्या दिवशीसुद्धा. अंधश्रद्धेवर बोलताना तिला लोकांच्या हातात द्यायचो आणि गरजायचो, “बघा, किती शांत आहे.” ती डोकं आत खुपसून चेंडूसारखी वळून बसायची. टाळ्या पडायच्या.

दोनदा ती ओकली, मग खाणंच सोडलं. मंगळवारी मेली. साईनाथ म्हणाला, “शांत नव्हती रे. हे साप घाबरले की तसेच बसतात. तुझं भाषण तिला ऐकू येत नव्हतं, तेवढंच बरं.”

गुडघ्याला तेल लावतेस ना?

आणि श्रद्धा. पाहुणे बघून गेले तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. बहीण गप्प आहे म्हणजे तिला पसंत आहे, असं मीच तुम्हाला ठासून सांगितलं. सुपारी फुटायच्या आत तिला एकटीला विचार. मला मध्ये बोलू देऊ नकोस.

तुझा
इंद्रजीत