रोशनची गाठ

१२ जुलै, सकाळी ७
निर्णय झाला. आजपासून बांबूचे दिवे मी स्वतः पाठवणार. इतके दिवस दसरूभाऊ दिवे विणायचे, मी ते नागपूरला ऑनलाइन विक्री कंपनीच्या गोदामात टाकायचो आणि ऑर्डर आली की पॅकिंग-डिलिव्हरी सगळं कंपनी करायची. अशाने माणूस आळशी होतो.
रोशनने महिन्यापूर्वी हेच केलं. त्याच्यामुळे मी करतोय असं अजिबात नाही. दहावीला तो माझंच बघून लिहायचा.

१२ जुलै, दुपारी
पुनम म्हणाली, "मी बांधून देऊ का पार्सल?" बायको हौशी आहे. पॅकिंग हा टेक्निकल विषय आहे, असं समजावलं. "बरं," म्हणाली. तिचं हेच चांगलं, लगेच पटतं.

१५ जुलै
दसरूभाऊ आले होते. रोशनलाही तेच दिवे देतात. म्हणाले, "दोघायले पुरत नाई माझे हात. पोळ्यापर्यंत पाहतो. ज्याचे दिवे जास्त जातीन, मंग त्यालेच देईन." रोशनची कीव आली.

१८ जुलै
बबल रॅप सामान्य लोकांसाठी. घरात मागच्या हंगामाचा कापूस पडलाय, सरकीसकट. प्रत्येक दिव्याभोवती तोच भरला. कोरपना तालुक्याचं पांढरं सोनं, फुकट! रोशनला हे सुचणार नाही. त्याच्याकडे शेतच नाही.

२३ जुलै
पहिला रिव्ह्यू. दोन स्टार. "दिवा चपटा आला. कापूस चांगला आहे."
दुसरं वाक्य महत्त्वाचं.

२६ जुलै
पुनम हल्ली दुपारी घरी नसते. बाहेर काम मिळालं म्हणते. मन रमेल तिचं. काय काम ते विचारायचं राहिलं.

३० जुलै
रोशन ४.८ वर! त्याचे रिव्ह्यू वाचणार नव्हतो. सगळे वाचले, दोनदा. दिव्याबद्दल कमी, दोरीबद्दल जास्त. "गाठ इतकी घट्ट, पण एका हिसक्यात सुटते. कात्री लागली नाही." अरे, दिवे विकतोस की सुतळी?
 जेवलो नाही. नंतर जेवलो.

१ ऑगस्ट
रोशनकडून एक दिवा मागवला. नाव खोटं, लच्छू. पत्ता माझ्या मोबाइलच्या दुकानाचा. ही हेरगिरी नाही, मार्केट रिसर्च आहे.

५ ऑगस्ट
आला. रोशन राहतो दोन गल्ल्या सोडून, पार्सल नागपूर फिरून आलं. गाठ ओढली. खरंच एका हिसक्यात सुटली, साली.
आत हाताने लिहिलेली चिठ्ठी. "दिवा जपून लावा. घरी येळेवर जात जा." गिऱ्हाइकाला हे कोण सांगतं? पण अक्षर सुरेख. नक्कीच कॉलेजची कोणी पोरगी पगारावर ठेवली.
मी जळत नाही. जळतोय. हो, जळतोय.

९ ऑगस्ट
यूट्यूबवरून गाठ शिकलो. आठ मारल्या. सहा कुरियरवाल्याच्या हातातच सुटल्या. दोन अजून सुटलेल्या नाहीत. त्यातल्या एका पार्सलात दुकानाची किल्ली राहिली आहे.

१६ ऑगस्ट
पुरामुळे रस्ता पाच दिवस बंद होता. माझी चौदा पार्सलं भिजून परत आली. एकाच्या कोपऱ्यातून हिरवं काहीतरी बाहेर आलेलं. सरकी उगवली. कुरियरवाला म्हणाला, "भाऊ, बियाणं पाठवून राह्यले का?"
उगवण्याची टक्केवारी मात्र उत्तम.

२२ ऑगस्ट, पोळा
दसरूभाऊ पोळा फुटल्यावर भेटले. "रोशनलेच देतो आता. वाईट नोको मानू, बाबू." मानलं नाही. त्यांच्यासमोर तरी नाही.
गोदामात परत घ्या म्हणून कंपनीला लिहिलं. उत्तर एका मिनिटात आलं, तीनच्या खाली रेटिंग चालत नाही. इतकी तत्परता!

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
पोरं लाकडी बैल घेऊन दुकानात आली, बोजाऱ्याचे पैसे घेऊन गेली. मग पुनमने बांधून दिलेला डबा काढला. फडक्याची गाठ ओढली. एका हिसक्यात सुटली.
फडकं पुन्हा तसंच बांधून पाहिलं, जमलं नाही. पंधरा वर्षं रोज दुपारी ही गाठ सोडतोय.
शटर ओढलं, घरी गेलो. पुनम म्हणाली, "आमच्या माहेरी, मूलकडं, धानाच्या रोवण्यात पऱ्ह्यांच्या, म्हंजे रोपायच्या, पेंड्या अशाच बांधतेत. चिखलाच्या हातानं सुटली पाह्यजे न." रोशनची पार्सलं तीच बांधते, चिठ्ठीही तिचीच. "पत्ता पाहूनच समजलं मले, लच्छू कोण ते. म्हटलं, आता तरी ओळखतीन."
मी विचारलं, सांगितलं काऊन नाई? ती म्हणाली, "तुम्ही इचारलं काऊन नाई?"
२६ जुलैचं पान काढून पाहिलं. ‘विचारायचं राहिलं’, माझ्याच अक्षरात.

२६ ऑगस्ट
तात्पुरती व्यवस्था. दुकानात जाता जाता रोशनची पार्सलं कुरियरला पोचवायची. रस्त्यातच पडतं म्हणून पुनमला हो म्हटलं. आज सतरा नेली. वाटेत दोनदा गाडी थांबवून पाहिलं, एकही गाठ सुटली नव्हती.
दुपारी डबा काढला. चेनच्या पिशवीत होता. दिवसभर गाठी मारून हात दुखतात, म्हणाली.