कोळंबीचं पाणी आणि वकीलबाईंचा कोट

ती. वहिनींस,

वाकून नमस्कार (कंबरेने परवानगी दिली तितका). दादांचा गुडघा कसा आहे? तुमचा खोकला थांबला असेल असं धरून चालतो. नसला तर हे वाचताना हसू नका, उबळ येईल. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात लाँड्री अर्धा दिवस बंद असते आणि तुमची धाकटी जाऊ बहिणीकडे निघून गेली आहे. (भांडून नाही. भांडून गेली असती तर भांडण पुरं करायला तरी परत आली असती.)

त्या तापानंतर तिला वास येईनासा झाला हे तुम्हाला ठाऊकच आहे. वास नाही म्हणून चवही नाही. आमच्या धंद्यात डाग सगळे डोळ्यांनी बघतात; ही हुंगून सांगायची, हा चहा, हे तेल, हे अत्तर आणि ते घरच्या माणसाचं नव्हे (हे शेवटचं फक्त मला). आता समोर येईल ते औषधासारखं गिळते, आणि गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून कपडा उगाच नाकाशी धरते. मला ते बघवेना. तुमच्याकडे खाल्लेल्या फ्राइड राइसची ती अजून आठवण काढते, म्हणून तुमच्याकडून सुकी कोळंबी आणि वाळवलेल्या शिंपल्यांचे ते पिवळे गोल तुकडे मागवले. म्हटलं, या वासाने जे नाक जागं होणार नाही ते कशानेच होणार नाही.

तुम्ही बजावलं होतं, भात आदल्या दिवशीचा घ्या. मी म्हटलं, आजारातून उठलेल्या बायकोला शिळं कशाला? ताजा, मऊ, वाफाळता भात कढईत ओतला आणि तिथेच अकलेचे दिवे पाजळले. अंडी, पातीचा कांदा, सोया सॉस सगळं वेळेवर पडलं, पण परतता परतता त्याची खळ झाली (आणि खळ म्हणजे काय हे लाँड्रीवाल्याला सांगायला नको). शिंपले घाईत नीट भिजलेच नव्हते, कोटाची बटणं चावावीत तसे लागत होते. तिने ताटलीभर खाल्लं आणि म्हणाली, छान झालाय. वहिनी, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चव कळणाऱ्या माणसाच्या घशाखाली तो भात उतरलाच नसता.

तुमची दुसरी सूचना मात्र मी तंतोतंत पाळली. कोळंबी-शिंपले भिजवलेलं पाणी टाकू नका, सगळा जीव त्यातच असतो. भातात घालायचं विसरलो, पण टाकलं नाही. गाळून बाटलीत भरलं आणि बाटली फळीवर ठेवली. आमचं स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यात एक पडदाच, आणि त्या फळीवर इस्त्रीसाठी उकळून गाळलेलं पाणी अगदी तशाच बाटल्यांत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती बाटली वाफेच्या इस्त्रीत रिकामी केली. तिला वास आला नाही. मला आला, पण वाटलं माझ्याच अंगाला येतोय (आदल्या दिवसापासून येतच होता). तिने झपाट्याने कपडे हातावेगळे केले. त्यात वकीलबाईंचा काळा लोकरी कोटही होता.

वकीलबाई कोर्टात उभ्या राहिल्या तेव्हा न्यायाधीशांनी म्हणे आधी खिडक्या उघडायला लावल्या, मग टेबलाखाली वाकून पाहिलं. बाहेर पडल्या तर मागे अशिलाऐवजी मांजरं. संध्याकाळी भरल्या दुकानात त्यांनी कोट काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता हिला म्हणाल्या, "तुम्हीच वास घेऊन सांगा." त्यांचा तरी काय दोष, त्यांचा भरवसा हिच्याच नाकावर. हिने कोट नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाली, "मला काहीच येत नाही." इतके दिवस जिवापाड झाकलेलं सगळ्यांसमोर उघडं पडलं, तेही माझ्या हौसेपायी. दुकान रिकामं झाल्यावर तिने एप्रन खुंटीला लावला, आता मी इथे काय कामाची म्हणाली, घडीतली आपली तपकिरी शाल पिशवीत टाकली आणि गेली. मी बाटलीचं सगळं कबूल केलं, पण ती ऐकतच नव्हती. फार वाईट वाटतं, वहिनी. चव आणायला गेलो आणि तिचा होता तो मानही घालवून बसलो.

असो. लोकरीतून कोळंबी कशी काढतात हे ठाऊक असल्यास कळवावं. दादांना नमस्कार.

तुमचा करपलेला दीर

ता. क. लोकरीचं निमित्त होतं. तुम्ही तिला फोन करा. माझा घेते, पण हो, नाही, जेवले, यापलीकडे बोलत नाही. तुमचा शब्द ती मोडणार नाही. दुकानात तूच हवीस हे माझ्या वतीने सांगा. मी सांगायला गेलो की कपड्यांचा हिशोबच सांगून बसतो.

आणखी ता. क. फोन करू नका. पत्र डकवत होतो तेवढ्यात ती दारात. शाल माझ्या अंगावर फेकली आणि ओरडली, "अहो, हिला कोळंबीचा वास मारतोय!" तीही त्याच इस्त्रीखालून गेली होती, आज सकाळी गारठा वाटला म्हणून तिने ती पहिल्यांदा पांघरली. मला आधी काही कळेचना. कळलं तेव्हा गाठोड्यावर बसून रडलो. साबणाचा वास अजून येत नाही, चहाचा नाही, अत्तराचा नाही. कोळंबीचा तेवढा येतो. तेव्हा वहिनी, अजून एक पाकीट पाठवा, मोठं. भात या खेपेला ती करणार आहे. आणि वकीलबाईंचा कोट मी धुवायला घेतला होता, तर तिने हातातून काढून घेतला. म्हणाली, राहू दे, उद्या पुन्हा हुंगून बघायचाय.